अप्पांवर एक पैज

"उत्तर आलंय," ती म्हणाली, आणि आपण हे मोठ्याने म्हटलं की मनातल्या मनात, याची तिची तिलाच खात्री वाटेना.

मोठ्यानेच म्हटलं असावं. कारण पलीकडच्या टेबलावरचा टंकलेखक खुर्चीसकट सरकत आला, टपाल पाहणाऱ्या बाईंनी तोंडाला लावलेला चहा तसाच खाली ठेवला, आणि अकराच्या आत केबिनबाहेर पाऊल न टाकणारे साहेब सव्वादहालाच दारात येऊन उभे राहिले.

"कोणाचं उत्तर? कशाचं उत्तर?"

"बेटावरच्या परवाना कार्यालयाचं, साहेब."

"ते यंत्र पाठवतं. 'आपलं पत्र मिळालं, आभारी आहोत.' त्यात काय एवढं?"

"नाही साहेब, हे माणसाने लिहिलंय. आधी उशिराबद्दल माफी मागितलीये आणि शेवटी नमस्कार आहे."

यावर साहेबांनी चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं आणि टंकलेखकाला म्हणाले, "जा, सगळ्यांना चहा सांग. माझ्याकडून." साहेबांकडून चहा ही त्या कक्षातली दुसरी दुर्मीळ गोष्ट होती.

कक्षाचं पाटीवरचं नाव एवढं लांबलचक होतं की ते दोन ओळींत मोडून लिहावं लागलं होतं. काम मात्र एका ओळीचं होतं. देशाबाहेर बसून इथल्या लोकांकडून मोबाइलवर पैजा घेणाऱ्या कंपन्यांना आवर घालायचा. आता, कंपनी एका देशात, तिचा परवाना दूरच्या एका बेटावरचा, तिचे संगणक तिसरीकडेच कुठेतरी, आणि पैसे घालवून डोक्याला हात लावून बसणारा माणूस तेवढा इथला. आज तिचं संकेतस्थळ इथे बंद केलं, तर उद्या नावापुढे एक आकडा जोडून ते पुन्हा हजर. मग उरायचं ते पत्र. ज्याने परवाना दिला त्याला पत्र, मग पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, तिसरं.

हे काम ती अकरा वर्षं करत होती. प्रत्येक पत्र गेलं की जावक वहीत त्याची नोंद करायची आणि समासात बारीक अक्षरात पुढच्या स्मरणपत्राची तारीख लिहायची, म्हणजे विसरायला नको. तिच्या कपाटात सहाशे बारा पत्रांच्या स्थळप्रती होत्या. त्यावरून ऑफिसात तिचं नाव स्मरणबाई पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. महिन्यातून दोन-तीन फोन तरी असे यायचे की पलीकडे कुणाची तरी आई किंवा बायको नुसती रडायची. तो फोन ठेवला की ती एक पत्र लिहायला घ्यायची. तिला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि काहीच न करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

तर आता उत्तर आलं होतं. बेटावरच्या अधिकाऱ्याने कळवलं होतं की आपण म्हणता त्या कंपनीने एका हौशी स्पर्धेवर पैजा घेतल्याचं दिसतं, खेळाडूंच्या संमतीशिवाय अशा पैजा घेणं आमच्याही नियमांत बसत नाही, आणि ते सिद्ध झालं तर नुसती ती स्पर्धाच नव्हे, तर कंपनीचा तुमच्या देशातला सगळाच कारभार बंद करता येईल. मात्र त्यासाठी आठही खेळाडूंचं सहीनिशी निवेदन हवं. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. त्यानंतर परवान्याचं नूतनीकरण होईल आणि पुढची तीन वर्षं आमचा इलाज चालणार नाही.

"आठ सह्या," साहेब म्हणाले. "त्यात काय मोठंसं? आठातला एक तर तुमच्या घरातच आहे."

"तोच अवघड आहे, साहेब," ती म्हणाली.

घरातला तो एक म्हणजे तिचे वडील. सगळे त्यांना अप्पा म्हणत. आयुष्यभर त्यांनी दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी दुपारी चार वाजता वाचनालयामागच्या हॉलमध्ये, आठ ज्येष्ठ मंडळींच्या स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळत आणि हरत. एखाद-दुसऱ्या वेळी नव्हे, दर वेळी हरत. नऊ वर्षांत ते एकही सामना जिंकले नव्हते. पण खेळ सुरू होण्याआधी खिशातून पाणसळ काढून टेबलावर ठेवायची, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवायचे, हे काम त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. "हरलो तर माझ्यामुळे हरलो पाहिजे, टेबलामुळे नाही," असं ते म्हणत.

या आठ म्हाताऱ्यांच्या खेळावर परदेशात बसलेली कंपनी पैजा घेते, हे तिला सतरा आठवड्यांपूर्वी कळलं. संकेतस्थळाची यादी तपासताना जगभरच्या मोठमोठ्या सामन्यांखाली एक ओळ दिसली: ज्येष्ठ टेबल टेनिस, गुरुवार, दुपारी चार. आणि पुढे अप्पांचं नाव. भाव एकास चौदा. म्हणजे अप्पा जिंकतील अशी पैज कुणी लावली आणि ते खरंच जिंकले, तर लावल्याच्या चौदापट मिळणार. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं होतं.

आता पुरावा हवा तर इथून पैज लावून ती स्वीकारली जाते, हे दाखवावं लागतं. त्यासाठी कक्षाचं एक चाचणी खातं होतं, आणि ते चालवणं तिचंच काम होतं. नियम असा, की पैज कमीत कमी रकमेची असावी आणि हरणाऱ्या बाजूवर लावावी, म्हणजे सरकार जुगारात कमावतं असं कुणी म्हणायला नको. आणि पुरावा सात दिवसांत शिळा होतो, म्हणून दर आठवड्याला नवी पैज.

तिने त्याच दिवशी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, "साहेब, हे माझे वडील आहेत. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

साहेबांनी नियमावली उलटीपालटी करून पाहिली. "वडिलांवर लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही. आणि इतकी खात्रीची हरणारी बाजू आपल्याला दुसरी कुठे मिळणार?"

तेव्हापासून सतरा गुरुवार, बरोबर साडेतीनला, ती सरकारी खात्यातून आपल्या वडिलांवर पैज लावत होती आणि साडेपाचला 'पैज हरली' असा शिक्का मारत होती. गोपनीयतेच्या कागदावर तिची सही असल्यामुळे घरी याबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती.

पण गंमत पुढेच आहे. त्या आठ जणांत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, स्पर्धेतले अजिंक्य आणि अप्पांचे जुने दोस्त. त्यांच्या जावयाने त्या सतरांतल्या पहिल्याच गुरुवारी मोबाइलवर ते संकेतस्थळ उघडून दाखवलं. संतापायचं सोडून आठही जण नव्या नवरीसारखे लाजले. आपल्यावर पैजा लागतात! परदेशात! आणि त्या पानावर कुणावर किती पैजा लागल्या तेही दिसत होतं. पोस्टमास्तरांवर सहा, मुख्याध्यापिकाबाईंवर चार. अप्पांच्या नावापुढे दर आठवड्याला न चुकता एक.

"एक तर एक," अप्पा घरी येऊन म्हणाले होते. "पण कोण असेल गं हा भला माणूस?"

"डोकं फिरलेला असेल कुणीतरी," आई म्हणाली. "पस्तीस वर्षं संसार केला मी तुमच्याशी, पण मी नसती लावली."

अप्पांनी मात्र तो भला माणूस मनाने उभा केला होता. कुठल्याशा समुद्रकाठी एकटा राहत असणार. दीपगृहावर नोकरी असणार. रोजच्या पगारातून थोडं बाजूला काढून दर गुरुवारी अप्पांवर लावत असणार, आणि हरला तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा लावत असणार. त्या माणसापायी अप्पांनी बॅटला नवं रबर लावलं. सकाळी जिना चार वेळा चढू-उतरू लागले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चेंडू मारून मारून त्यांनी आईचं डोकं उठवलं. बहात्तराव्या वर्षी माणूस असा उजळलेला तिने पाहिला नव्हता. तिला हसू यायचं, आणि बाथरूममध्ये जाऊन डोळेही पुसावे लागायचे.

सोमवारी संध्याकाळी तिने निवेदनाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"बाकीच्या सातांनी सह्या केल्या, अप्पा. मी ऑफिसातून येताना सगळ्यांकडे जाऊन आले."

"पोस्टमास्तरने केली?"

"पहिली त्यांची. म्हणाले, माझा भाव इतका कमी आहे की माझ्यावर लावून कुणाला चहासुद्धा सुटत नाही."

अप्पा खदखदून हसले. मग म्हणाले, "अगं, तुला सांगायचं राहिलंच. हॉलमध्ये एक टोपीवाला येतो, मागच्या बाकावर बसून मोबाइलवरून कंपनीला गुण कळवत असतो. गेल्या गुरुवारी मला बाजूला घेऊन म्हणतो, आजोबा, पुढच्या वेळी तिसरा गेम बरोबर चार गुणांवर हरायचा, तुम्हाला पैसे देतो. मी म्हटलं, बाबा रे, नऊ वर्षं मी फुकट हरतोय, तू मध्येच येऊन त्याला किंमत लावू नकोस!"

आईही हसली. लेक मात्र हसली नाही. अकरा वर्षांत तिने अशा फायली पाहिल्या होत्या. पहिल्यांदा गोडीत विचारतात, दुसऱ्यांदा घराचा पत्ता माहीत आहे म्हणून सांगतात.

"अप्पा, हसण्यावारी नेऊ नका. आज तुम्हाला विचारलं, उद्या धमकी देतील. मुख्याध्यापिकाबाईंचं गुडघ्याचं दुखणंसुद्धा तो कळवतो तिकडे. आणि तुमच्या सहीने नुसता तुमचा हॉल नाही, अख्खी कंपनी इथून उठेल. फोनवर माझ्यापाशी बायका रडतात हो. सही करा."

अप्पांनी कागद हातात घेतला, नीट वाचला आणि खाली ठेवला.

"करतो. पण जिंकल्यावर."

"म्हणजे?"

"सतरा गुरुवार त्या भल्या माणसाचे मी बुडवलेत. आता त्याला न सांगता दुकान बंद करून पळून जाऊ? आयुष्यभर लोकांचे काटे सरळ केले मी. एकदा, फक्त एकदा त्याला जिंकू दे. या गुरुवारी पोस्टमास्तरशी सामना आहे. जिंकलो की तिथेच सही."

"आणि नाही जिंकलात तर?"

"तर त्याच्या पुढच्या गुरुवारी."

"अप्पा, शुक्रवारी बारा वाजता मुदत संपते!"

"मग मला प्रॅक्टिस करू दे," अप्पा म्हणाले आणि चेंडू घेऊन स्वयंपाकघरात गेले.

तिच्या मनात जे चाललं होतं ते अप्पांना सांगता येत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्याच दिवशी दुपारी साहेबांनी फाइलवर शेरा मारला होता: पुरावा बेटाकडे रवाना, चाचणी खाते बंद करावे. आणि तिने, नियमाला चिकटून राहणाऱ्या बाईने, ते स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. या गुरुवारी अप्पांवर कुणीच पैज लावणार नव्हतं. स्वतःच्या खिशातून लावावी, तर कक्षाच्या कर्मचाऱ्याला ते सक्त मना होतं आणि तिला स्वतःलाही ते जमलं नसतं. भल्या माणसासाठी अप्पा जिवाचं रान करणार होते, आणि भला माणूस सोमवारीच संपला होता.

मंगळवार, बुधवार तिला धड जेवण गेलं नाही. गुरुवारी दुपारी तिने साहेबांपुढे अर्ज ठेवला. अर्ध्या दिवसाची रजा.

"रजा? तुम्ही?" साहेब म्हणाले. "बरं आहे ना?"

"सही आणायला जाते," ती म्हणाली. ते अर्धंच खरं होतं.

हॉल तिच्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. भिंतीला लावलेल्या लोखंडी खुर्च्या, एका कोपऱ्यात जुन्या मासिकांचे गठ्ठे, मध्ये हिरवं टेबल. अप्पा टेबलाखाली वाकून पुठ्ठे सरकवत होते. मागच्या बाकावर टोपीवाला मोबाइल घेऊन तयारीत बसला होता. ती त्याच्या शेजारी, त्याला सरकायला लागेल अशी ऐसपैस बसली, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून. त्याने ओळखपत्रावरची दोन ओळींची पाटी वाचली, मोबाइल खिशात घातला आणि पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला तो गेलाच.

अप्पा उठून उभे राहिले आणि त्यांना ती दिसली. नऊ वर्षांत ती पहिल्यांदाच आली होती. गुरुवारी दुपारी चारला ती नेहमी ऑफिसात असायची. सतरा गुरुवार तर त्यांच्याच नावावर पैज लावून बसलेली असायची, पण त्यांना खेळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. हे त्या क्षणी तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

पहिला गेम अप्पा दोनवर हरले. लेक बघतेय म्हणून त्यांचं लक्ष चेंडूपेक्षा मागच्या बाकाकडेच जास्त होतं. पोस्टमास्तर म्हणाले, "आज लवकर घरी जाऊ या रे, चहा गरम मिळेल."

दुसऱ्या गेमपासून मात्र अप्पा शांत झाले. त्यांना जोरात मारता येत नव्हतं आणि त्यांनी तो प्रयत्नही केला नाही. येईल तो चेंडू परत पाठवायचा, इतकंच. पोस्टमास्तर डावीकडे मारत, अप्पा परत पाठवत. उजवीकडे मारत, परत. सतरा आठवडे स्वयंपाकघराच्या भिंतीशी खेळून खेळून अप्पा स्वतःच भिंत झाले होते. पोस्टमास्तर चिडले, आणखी जोरात मारू लागले, आणि त्यांचे चेंडू टेबल सोडून मासिकांच्या गठ्ठ्यांवर पडू लागले. दुसरा गेम अप्पांचा. तिसरा पोस्टमास्तरांचा. चौथा अप्पांचा. पाचव्याला मुख्याध्यापिकाबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या, गुडघ्याचं दुखणं विसरून.

नऊ-नऊ. दहा-नऊ. शेवटचा चेंडू जाळीच्या कडेला लागला, क्षणभर काय करावं ते त्याला समजेना, आणि मग तो पोस्टमास्तरांच्या बाजूला टपकन पडला.

हॉलमध्ये जो गलका झाला, तो ऐकून वाचनालयातली बाई 'शांतता राखा' असं सांगायला आली आणि काय झालं ते कळल्यावर स्वतःच टाळ्या वाजवू लागली. पोस्टमास्तरांनी बॅट पिशवीत कोंबली, ते दोन मिनिटं खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, मग येऊन त्यांनी अप्पांना घट्ट मिठी मारली. मुद्दाम हरलेला माणूस इतका चिडत नाही, हे तिने तेवढ्यात मनाशी नोंदवून ठेवलं. सवयच तशी.

अप्पा घामाने निथळत बाकावर येऊन बसले. धापा टाकतच म्हणाले, "पोस्टमास्तर, जावयाने दाखवलं होतं ते उघड जरा. आपल्या भल्या माणसाला काय मिळालं बघू."

पोस्टमास्तरांनी मोबाइल उघडला, नाक मुरडलं, आणि मोबाइल अप्पांच्या हातात दिला. अप्पांच्या नावापुढे शून्य होतं.

"शून्य?" अप्पा म्हणाले. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "नेमकं आजच? आजच कंटाळला का गं तो?" त्यांचा चेहरा असा उतरला की जणू हरले तेच होते. "आजारी तर नसेल?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे सगळे पोस्टमास्तरांना चिडवण्यात गुंतले होते. गोपनीयतेच्या कागदावरची आपली सही तिला स्पष्ट आठवत होती, तारखेसकट.

"तो आजारी नाही, अप्पा," ती हळूच म्हणाली. "त्याला लावता आली नाही. पण तो आज इथे होता. बघायला आला होता."

"इथे? कुठे?" अप्पांनी दाराकडे पाहिलं. टोपीवाल्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. खुर्च्यांची अख्खी रांग पाहिली. मग त्यांची नजर फिरत फिरत तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आली आणि तिथेच थांबली.

"सतराही?" त्यांनी विचारलं.

"सतराही."

"आणि पगार तुला याचा देतात?"

"हो."

अप्पा आधी हसले, मग त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "ती म्हणेल, डोकं फिरलेलं कार्टं आपल्याच घरातलं निघालं." मग त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद."

पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर पाणसळ ठेवली आणि खाली वाकून बराच वेळ लिहीत बसले. लिहून झाल्यावर घडी घालून तिच्या पर्समध्ये स्वतःच्या हाताने ठेवला.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी आठही निवेदनं एकेक करून तपासली. आठव्याला थांबले.

"हे काय? 'आपले झालेले नुकसान' या रकान्यात सगळ्यांनी मनस्ताप लिहिलाय. आणि यांनी लिहिलंय, 'माझे काही नाही. लावणाऱ्याचे सतरा वेळा झाले. ते आता फिटले.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "फिटलं कसं? खातं तर सोमवारीच बंद केलं आपण."

"फिटलं, साहेब."

"पुन्हा लिहून आणता का? नियमात बसत नाही हे."

"नाही आणत," ती म्हणाली. अकरा वर्षांत साहेबांनी तिच्या तोंडून असा नकार ऐकला नव्हता. त्यांनी एकवार तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि सही केली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आठही निवेदनं बेटाकडे रवाना झाली. पोहोचल्याची पावती पाचच मिनिटांत आली, खाली नमस्कारासह. तिने जावक वही ओढली, क्रमांक टाकला, विषय लिहिला, आणि सवयीने पेन समासाकडे नेलं, जिथे स्मरणपत्राची तारीख असते तिथे.

क्षणभर थांबून तिने बारीक अक्षरात लिहिलं: दर गुरुवारी, दुपारी चार.